जन्मतः अपुरा राहिलेला बाह्यकर्ण : पहिल्या तपासणीपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा मार्ग

आमच्या मुलाला परिचारिकेने टोपडे घालूनच आमच्या हाती दिले होते. थोड्या वेळाने टोपडे काढले, तेव्हा उजव्या कानाच्या जागी भुईमुगाच्या शेंगेसारखी एक उभी, मऊ गाठ दिसली; कानाचे छिद्र नव्हतेच. आज तो बारा वर्षांचा आहे आणि त्याच्या कानाच्या दोन्ही शस्त्रक्रिया पार पडल्या आहेत. मधल्या काळात आम्ही काही गोष्टी उशिरा केल्या आणि काही उगाच घाईने करायला निघालो होतो. तशी वेळ ज्यांच्यावर नुकतीच आली आहे, अशा पालकांसाठी हे लिहीत आहे.

पुढचे सर्व वाचण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. या कानाचे प्रश्न दोन आहेत, ऐकण्याचा आणि दिसण्याचा, आणि दोघांची वेळापत्रके अगदी वेगळी आहेत. ऐकण्याची तपासणी पहिल्या काही महिन्यांतच व्हावी लागते; दिसण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र बहुधा कित्येक वर्षे थांबावे लागते. बहुतेक घरांत नेमके उलटे होते, कारण दिसणारा कान रोज डोळ्यांसमोर असतो आणि न ऐकू येणे कोणाला दिसत नाही.

१. दोषाचे नाव समजून घ्या आणि ग्रहणाचा विषय तिथेच संपवा

या स्थितीला मायक्रोशिया म्हणतात. आपल्याकडचे अनेक डॉक्टर मायक्रोटिया असाही उच्चार करतात. कान किंचित लहान पण आकाराने पूर्ण असेल तर पहिली श्रेणी, काही भागच घडले असतील तर दुसरी आणि केवळ त्वचा व कूर्चेची, म्हणजे लवचिक मऊ हाडाची, गाठ असेल तर तिसरी श्रेणी मानली जाते. बाह्यकर्ण मुळीच नसेल तर त्याला ॲनोशिया म्हणतात. छिद्र बंद असण्याला ॲट्रेशिया हे वेगळे नाव आहे आणि केसपेपरवर या दोन्ही नोंदी स्वतंत्रपणे असाव्यात. हा दोष बहुधा एकाच बाजूला असतो, उजवीकडे अधिक आढळतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त दिसतो.

बाह्यकर्णाची घडण गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात सहा छोट्या उंचवट्यांपासून सुरू होते, म्हणजे अनेकदा गर्भ राहिल्याचे नुकते कळलेले असते तेव्हा. काही औषधे, उदाहरणार्थ मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, आणि आईचा अनियंत्रित मधुमेह यांचा या दोषाशी संबंध ज्ञात आहे. तरीही बहुसंख्य बाळांत निश्चित कारण सापडत नाही. ग्रहणाच्या दिवशी आईने भाजी चिरली म्हणून कान कापला गेला, हे आमच्याकडेही बोलले गेले, आणि ते बाळंतिणीच्या समोर बोलले गेले. तुमच्या घरी असे कोणी म्हणाले, तर घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीनेच त्याला स्पष्ट शब्दांत थांबवावे. बाळंतिणीने स्वतःची बाजू मांडत बसावे, अशी वेळ तिच्यावर येऊ देऊ नये.

२. पहिल्या तीन महिन्यांत ऐकण्याची तपासणी करा

बाळ झोपलेले असताना डोक्याला इलेक्ट्रोड लावून करायची तपासणी म्हणजे बेरा. ती करताना एक गोष्ट आवर्जून मागून घ्यावी : हवेमार्फत आणि हाडामार्फत अशा दोन्ही पद्धतींनी नोंद घ्यावी. छिद्र बंद असलेल्या कानात हवेमार्फत दिलेला आवाज अडतो, त्यामुळे अहवालात मोठी श्रवणहानी दिसते आणि आईवडिलांच्या पायाखालची जमीन सरकते. प्रत्यक्षात आंतरकर्ण वेगळ्या ऊतीपासून बनत असल्याने तो बहुतेक वेळा चांगला असतो, आणि हाडामार्फत केलेल्या नोंदीत ते स्पष्ट होते. आमचा पहिला अहवाल केवळ हवेमार्फतचा होता. पुढचे दोन महिने आम्ही मूल त्या कानाने कायमचे बहिरे आहे असे समजून काढले.

तपासणीच्या दिवशी बाळाला सकाळी लवकर उठवावे, वाटेत झोपू देऊ नये आणि तपासणीच्या खोलीबाहेर पोहोचल्यावरच दूध पाजावे. बाळ झोपले नाही म्हणून परत पाठवलेली कुटुंबे आम्ही प्रत्येक वेळी पाहिली. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा या दोन्हींच्या तपासणीची सोय आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करावी; या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, तेव्हाही मुलाची नोंद करून घेता येते.

दोन्ही कान बंद असतील तर एक आठवडाही वाया घालवू नये. हाडामार्फत आवाज पोहोचवणारे श्रवणयंत्र लवचिक पट्ट्यावर बसवून बाळाच्या डोक्याला लावता येते. त्यासाठी शस्त्रक्रिया लागत नाही आणि वयाच्या पहिल्या काही महिन्यांतच ते सुरू करता येते. असे बाळ यंत्राविना राहिले तर त्याचे बोलणे मागे पडते. हाडात बसवायच्या यंत्राचा विचार साधारण पाच वर्षांनंतर, कवटीचे हाड पुरेसे जाड झाल्यावर होतो.

एकच कान बंद असेल तर यंत्र लावावे की नाही, याबाबत तज्ज्ञांची मते वेगवेगळी असतात. तो निर्णय श्रवणतज्ज्ञासोबत घ्यावा. परंतु अशा मुलाचा चांगला कान हाच त्याचा सगळा आधार असतो, आणि नेमके तिथेच आमचे लक्ष नव्हते. पहिलीत असताना बाईंनी सांगितले की तो ऐकूनही उत्तर देत नाही, हट्टी झाला आहे. सर्दीनंतर त्याच्या डाव्या कानाच्या पडद्यामागे द्राव साचला होता आणि जवळजवळ एक सहामाही तो अर्धवट ऐकत होता. घरी येणारा प्रत्येक जण उजव्या कानाकडे पाहत असे. डाव्या कानात कोणी डोकावले नव्हते. म्हणून चांगल्या कानाची तपासणी दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक लांबलेल्या सर्दीनंतर करावी. वर्गात मुलाला पुढच्या बाकावर असे बसवावे की शिक्षक त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला येतील.

३. सोबतच्या तपासण्या

मायक्रोशिया कधी कधी मोठ्या सिंड्रोमचा, म्हणजे एकत्र आढळणाऱ्या दोषांच्या समूहाचा, भाग असतो. गोल्डनहार आणि ट्रेचर कॉलिन्स ही नावे तुमच्या कानावर येतील. बालरोगतज्ज्ञांकडून जबड्याची आणि चेहऱ्याची दोन्ही बाजूंची ठेवण, डोळे, मानेचे मणके आणि हृदय तपासून घ्यावे, तसेच मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. जबडा लहान असेल तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगणे आवश्यक असते, कारण श्वासनळीत नळी घालणे अवघड जाऊ शकते.

कानाच्या हाडांचा सीटी स्कॅन मात्र तान्ह्या वयात करण्याची घाई नको. छिद्र उघडण्याचा विचार पाच-सहा वर्षांनंतर होतो आणि स्कॅनचा खरा उपयोग त्या वेळी असतो. छिद्र पूर्ण बंद नसून अतिशय अरुंद असेल, तर आत त्वचेचा थर साचून हाड पोखरणारी गाठ होण्याचा धोका असतो. अशा मुलांनी नियमित तपासणी चुकवू नये.

४. तोपर्यंत त्या गाठीला कोणाचाही हात लागू देऊ नका

बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला सोनाराकडून कान टोचून घेण्याची आपली रीत आहे, आणि आमच्याकडे सोनार आल्यावर ‘दोन्ही टोचा, निदान खूण तरी होईल’ असा आग्रह झाला होता. त्या लहान गाठीला टोचू नये. तिथली कूर्चा पिकली किंवा त्वचेवर व्रण पडला, तर पुढे सर्जनला जी त्वचा ताणून वापरायची असते तीच खराब होते. गाठीच्या खालच्या मऊ भागातून पुढे नव्या कानाची पाळी बनते, त्यामुळे तो भाग जपलाच पाहिजे.

‘एवढी गाठ काढून टाकू, दहा मिनिटांचे काम आहे’ असा सल्ला आम्हालाही एका दवाखान्यात मिळाला होता. नवा कान बांधणाऱ्या सर्जनने पाहण्यापूर्वी काहीही कापू देऊ नये. जन्मानंतर लगेच साच्याने कानाला वळण देण्याचा उपचार असतो, पण तो दुमडलेल्या किंवा वाकड्या कानांसाठी पहिल्या काही आठवड्यांत उपयोगी पडतो; तिसऱ्या श्रेणीच्या कानाला साच्याने आकार येत नाही.

५. शस्त्रक्रियेच्या पद्धतींची ओळख करून घ्या

नातेवाइकांत कोणी ना कोणी सुश्रुताचे नाव काढतोच, आणि तुटलेली पाळी गालाच्या त्वचेने सांधण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत खरोखरच आहे. बरगडीच्या कूर्चेतून संपूर्ण कान कोरण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया मात्र अमेरिकेतील रॅडफर्ड टॅन्झर यांनी १९५९ मध्ये घातला. पुढे बर्ट ब्रेंट यांनी ती चार टप्प्यांत बसवली आणि जपानच्या सातोरू नागाता यांनी दोन टप्प्यांत आणली.

*बरगडीची कूर्चा.* छातीतून बरगड्यांच्या टोकांची कूर्चा काढून तिच्यातून कानाचा सांगाडा कोरतात आणि तो त्वचेखाली बसवतात. ब्रेंट यांच्या पद्धतीत साधारण सहा वर्षांनंतर सुरुवात करता येते. नागाता यांच्या पद्धतीत सांगाड्याला जास्त कूर्चा लागते, म्हणून मूल सुमारे दहा वर्षांचे आणि छातीचा घेर ६० सेंटिमीटर होईपर्यंत थांबतात. स्वतःचीच ऊती असल्याने ती शरीरात मुरते आणि लहानसहान जखम भरून येते. तोटा असा की छातीवर व्रण राहतो, पहिले काही दिवस छाती चांगलीच दुखते आणि निकाल पूर्णपणे कोरणाऱ्या हातावर अवलंबून असतो.

*कृत्रिम सांगाडा.* सच्छिद्र पॉलिएथिलीनचा तयार सांगाडा कानशिलावरच्या फॅशिया नावाच्या पातळ पडद्याने झाकून वर त्वचारोपण करतात. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून हे करता येते, छातीला हात लावावा लागत नाही आणि मुख्य काम एकाच शस्त्रक्रियेत होते. मात्र मार लागला किंवा वरची त्वचा फाटली, तर सांगाडा उघडा पडण्याचा, तुटण्याचा किंवा त्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका कायम राहतो. शिवाय फॅशिया एकदा वापरला की पुढे अडचणीच्या वेळी तो हाताशी नसतो.

*सिलिकॉनचा कान.* दुसऱ्या कानाचे प्रतिबिंब घेऊन बनवलेला हा कान हुबेहूब दिसतो. तो गोंदाने किंवा हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर लावतात आणि काही वर्षांनी रंग उतरला की नवा करावा लागतो. खुंट्या बसवताना तिथल्या त्वचेवर व्रण पडतात, त्यामुळे नंतर बरगडीचा पर्याय अवघड होतो.

काहीच न करणे हाही चौथा आणि मानाचा पर्याय आहे. कान बांधल्याने ऐकू येऊ लागत नाही, हे येथे ठळकपणे सांगितले पाहिजे, कारण शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डमध्ये भेटलेल्या एका आजोबांना ते तोवर कोणी सांगितलेच नव्हते.

आम्ही बरगडीचा मार्ग निवडला आणि दहा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहिली. त्यामागे कूर्चेइतकेच दुसरेही कारण होते : दहा वर्षांचे मूल स्वतः हो किंवा नाही म्हणू शकते. दर वाढदिवसाला शिंप्याची टेप घेऊन छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी घेर मोजायचा, हा आमच्याकडचा कार्यक्रमच झाला होता. ५८ वर टेप थांबली त्या वर्षी तो रडला, तेव्हा त्याला हे स्वतःलाच हवे आहे, याची आम्हाला खात्री पटली.

६. सर्जनला विचारायचे प्रश्न

प्लास्टिक सर्जरी विभाग मुंबईतील केईएम, शीव, नायर आणि जेजे तसेच पुण्यातील ससून या रुग्णालयांत आहेत, आणि खासगी सर्जनही पुष्कळ आहेत. तरीही संपूर्ण कान बांधणे हे काम प्रत्येक प्लास्टिक सर्जन नेहमी करतोच असे नाही. म्हणून संकोच न करता पुढील गोष्टी विचाराव्यात : असे किती कान तुम्ही स्वतः बांधले आहेत, त्यांची एक-दोन वर्षांनंतरची, समोरून, बाजूने आणि मागून घेतलेली छायाचित्रे दाखवाल का, टप्पे किती आणि त्यांत अंतर किती, त्वचा काळी पडली किंवा सांगाडा उघडा पडला तर पुढे काय करता, केसांची रेषा खाली असेल तर लेझर आधी करावे लागेल का. ऑपरेशन टेबलवरच्या ताज्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नये, कारण त्या क्षणी प्रत्येक कान सुरेख दिसतो.

छिद्र उघडण्याचा विचार असेल, तर प्लास्टिक सर्जन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांना एकमेकांशी बोलायला लावावे. बरगडीच्या पद्धतीत आधी कान आणि नंतर छिद्र हा क्रम ठेवतात, म्हणजे अखंड त्वचा मिळते. सीटी स्कॅनवरून दहा गुणांची एक मोजणी करतात. गुण कमी असतील तर छिद्र उघडून फारसा लाभ होत नाही. चेहऱ्याची नस या कानांत नेहमीच्या जागी नसू शकते आणि उघडलेले छिद्र पुन्हा आकसू शकते, हेही समजून घ्यावे.

७. कागदपत्रे आणि पैशांची तजवीज

एक जाड फाइल करा आणि तिच्यात हे ठेवा :

- जन्मदाखला, मुलाचे आणि पालकांचे आधार कार्ड, शिधापत्रिका
- प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड
- बेरा व त्यानंतरचे सर्व श्रवण अहवाल, तारखेच्या क्रमाने
- सीटी स्कॅनची फिल्म आणि सीडी, तसेच सोनोग्राफीचे अहवाल
- दर वर्षी एकाच कोनातून घेतलेली दोन्ही कानांची छायाचित्रे
- योजनेसाठी लागल्यास तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : तुमच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज कोणते, आणि त्या विशेषतेसाठी हे रुग्णालय अंगीकृत आहे का. पूर्वमंजुरी येण्याआधी दाखल होऊ नये.

खासगी आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतील ‘बाह्य जन्मजात दोष’ हे शब्द शोधावेत, कारण अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात. आमचा पहिला दावा वेगळ्याच कारणाने परत आला : रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात कारकुनाने ‘सौंदर्य शस्त्रक्रिया’ असे लिहिले होते. जन्मजात मायक्रोशिया आणि बाह्यकर्णाची पुनर्रचना असे शब्द सर्जनच्या सहीनिशी घेतल्यावर तो पुन्हा विचारात घेतला गेला.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबत अनेकांचा गैरसमज असतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात श्रवणदोषाची व्याख्या दोन्ही कानांच्या श्रवणहानीवर आधारलेली आहे आणि ती ६० डेसिबलपासून सुरू होते. एका बाजूचा कान बंद असलेल्या मुलाला म्हणूनच सहसा प्रमाणपत्र मिळत नाही. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत. दोन्ही कान बंद असलेल्यांनी मात्र अर्ज जरूर करावा.

८. पहिला टप्पा : रुग्णालयातले दिवस

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी सर्जनने मुलाच्या चांगल्या कानावर एक्स-रेची धुतलेली, पारदर्शक फिल्म धरली आणि मार्करने प्रत्येक वळण गिरवले. मग ती कापून, उलटी करून उजव्या बाजूला ठेवली आणि डोळ्याचा कोपरा, नाक यांच्यापासून अंतरे मोजून जागा ठरवली. मुलाने तो फिल्मचा कान हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलेला मुलगा संध्याकाळी बाहेर आला. नव्या कानाजवळून बाटलीला जोडलेल्या बारीक नळ्या निघालेल्या असतात आणि त्या निर्वाताने त्वचेला सांगाड्याच्या खाचांत ओढून धरतात. निर्वात सुटला की त्वचेखाली रक्त साचते आणि वळणे बुजतात, म्हणून बाटली भरली आहे का, ओढ कायम आहे का, हे सोबतच्या माणसाने दर काही तासांनी परिचारिकेकडून पाहून घ्यावे. छातीचा एक्स-रे काढतात, कारण कूर्चा काढताना फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडून हवा साचण्याची शक्यता असते. कानापेक्षा छाती अधिक दुखते. दुखते म्हणून मूल खोल श्वास घेत नाही आणि कफ साचतो. खोल श्वासाच्या सरावाचे तीन गोळ्यांचे स्पायरोमीटर आधीच आणून घरी सराव करून घेतला, तर हे दिवस सोपे जातात.

पट्टी उघडल्यावर कान सुजलेला, जाड आणि निळसर दिसतो. वळणे स्पष्ट व्हायला काही महिने लागतात, हे मुलाला आरसा देण्यापूर्वीच सांगून ठेवावे.

९. घरी आल्यावर

झोपेत कानावर भार पडणे सर्वांत वाईट. बाजारातली भोकाची उशी आमच्या मुलाला टोचत असे, म्हणून आजीने जुन्या नऊवारीची मोठी चुंबळ वळून दिली. कान मधल्या पोकळीत मोकळा राहत असे. गळ्यातून घालायचे टी-शर्ट बाजूला ठेवून पुढून बटणांचे सदरे काढावेत. डोक्यावरून अंघोळ सर्जनने सांगितल्यावरच घालावी. दप्तर, दुचाकीवरचा प्रवास आणि विशेषतः कबड्डी-कुस्तीसारखे खेळ किती महिने बंद ठेवायचे, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि शाळेला त्याची प्रत द्यावी.

त्वचा काळी किंवा पांढरी पडली, आतली पांढरी कूर्चा किंवा ती बांधलेली तार दिसू लागली, पू अथवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अचानक धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात न्यावे.

१०. दुसरा टप्पा आणि नंतर

पहिल्या टप्प्यानंतर कान डोक्याला चिकटलेलाच असतो. सुमारे सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर तो मागून सोडवून, खाली कूर्चेचा आधार देऊन आणि त्वचारोपण करून पुढे आणतात. हा टप्पा तुलनेने सोपा गेला; त्वचा घेतलेली जागा मात्र आठवडाभर चुरचुरत राहिली.

नव्या कानाला सुरुवातीला स्पर्श फारसा कळत नाही. कढत पाणी, केस वाळवण्याचे यंत्र आणि डासाच्या चाव्यावर खाजवणे यांमुळे जखम होऊनही मूल तक्रार करत नाही, म्हणून रात्री झोपताना एकदा उजेडात कान पाहावा. मुलगी असेल आणि कान टोचायचा असेल, तर तो केवळ खालच्या मऊ पाळीत, सर्जनच्या परवानगीने टोचावा. वरच्या कूर्चेत कधीही टोचू नये.

ऐकण्याची नियमित तपासणी शस्त्रक्रियेनंतरही चालूच ठेवायची असते, आणि त्या दिवशी डॉक्टरांना आधी चांगला कान तपासायला सांगावे. चष्मा लागला तर काडी नव्या कानावर दाबून बसणार नाही अशी वाकवून घ्यावी. आमच्या चष्मेवाल्याने काडी गरम करून तीनदा बेताची केली. चौथ्यांदा घातल्यावर मुलाने मान खाली घालून, डोके दोन्ही बाजूंना हलवून पाहिले आणि चष्मा जागेवरून हलला नाही.